घरटे कोणाचे, अंडे कोणाचे? बंगळुरूच्या परिसरातील ओळखीच्या खुणा

बंगळुरू शहर आणि परिसरात जानेवारीच्या सुमारास घारींच्या घरट्यांनी सुरू होणारा पक्ष्यांच्या विणीचा हंगाम पावसाळा सरेपर्यंत चालू असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंची, सौम्य हवामान, एप्रिल-मे महिन्यांतील वळिवाच्या सरी आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने होणारा पाऊस, यांमुळे कोणत्या ना कोणत्या पक्ष्याचे घरटे वापरात नाही असा महिना या शहरात क्वचितच सापडतो. याच हंगामाच्या मध्यावर, पावसाळ्यापूर्वी, रस्त्यांकडेच्या झाडांच्या फांद्यांची छाटणी होते, इमारतींची रंगरंगोटी निघते आणि गच्चीवरील कुंड्या हलविल्या जातात. अशा वेळी समोर आलेले घरटे कोणाचे, हे ठाऊक असेल तर काम नेमके किती दिवस पुढे ढकलावे लागेल, हे सांगता येते.

बंगळुरूला पक्षिनिरीक्षणाची जुनी परंपरा आहे. जोसेफ जॉर्ज यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात येथे पक्षिनिरीक्षकांचा क्लब सुरू झाला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लालबागेत जमण्याची त्याची प्रथा शहरातील अनेक पिढ्यांना परिचित आहे. जफर फतेहअली यांनी १९६० च्या सुमारास मुंबईत सुरू केलेले पक्षिनिरीक्षकांचे इंग्रजी वार्तापत्रही पुढे याच शहरातून प्रसिद्ध होऊ लागले. हौशी निरीक्षकांनी लिहून पाठविलेल्या विणीच्या लहानमोठ्या नोंदींना अशा वार्तापत्रात हक्काची जागा असे.

त्याआधीच्या शतकात मात्र अंडे ओळखणे याचा अर्थ अंडे गोळा करणे असाच होता. भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी या विषयावरील पहिला मोठा ग्रंथ १८७३ पासून प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव मराठी वाचकाला १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनामुळे ठाऊक असते. त्यांचा पक्षिसंग्रह, ज्यात हजारो अंडी होती, लंडनच्या संग्रहालयात गेला. ह्यूम यांच्यानंतर आसामात पोलीस अधिकारी असलेले स्टुअर्ट बेकर यांनी १९३२ ते १९३५ या काळात याच विषयावर चार खंड लिहिले. त्यांच्या संग्रहातील काही नोंदींच्या विश्वासार्हतेबद्दल, विशेषतः कोकिळा-कुळातील पक्ष्यांच्या अंड्यांबद्दल, पुढील अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. आयुष्यभर अंडी हाताळलेल्या संगाहकाच्या नोंदींची ही स्थिती असेल, तर केवळ अंड्यावरून पक्षी ओळखण्याचा भरवसा किती धरावा, हे यावरून ध्यानात येते.

जागा, बांधणी आणि मग अंडे

क्षेत्रावर घरटे ओळखताना अनुभवी निरीक्षक प्रथम जागा पाहतात. घरटे जमिनीवर आहे की झुडपात, उंच झाडाच्या बेचक्यात आहे की ढोलीत, पाण्यावर तरंगते आहे की पुलाखाली चिकटवलेले आहे, एवढ्यावरूनच शक्यतांची यादी बरीच आखूड होते. त्यानंतर आकार आणि साहित्य पाहिले जाते. त्यानंतर महिना. अंड्याचा क्रम शेवटचा, आणि तोही ते लांबून किंवा वरच्या खिडकीतून सहज दिसत असेल तरच. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे घरट्यावर परत येणारा पक्षी. त्यासाठी दूर बसून वाट पाहण्याची तयारी हवी.

अंड्याच्या रंगामागे मुख्यतः दोन रंगद्रव्ये असतात. बिलिव्हर्डिनमुळे निळी-हिरवी छटा येते आणि प्रोटोपोर्फिरिनमुळे तांबूस-तपकिरी ठिपके उमटतात. ढोलीत किंवा बिळात वीण करणाऱ्या पक्ष्यांची अंडी बहुधा पांढरी असतात, कारण अंधारात त्यांना शत्रूच्या नजरेपासून लपण्यासाठी रंगाची गरज नसते. पोपट, तांबट, पिंगळा, खंड्या आणि वेडा राघू या सर्वांची अंडी पांढरी. साळुंकी मात्र भिंतीच्या भोकात घरटे करूनही निळसर हिरवी अंडी घालते. नियमाला असे अपवाद असल्यामुळेच एका खुणेवर विसंबून निष्कर्ष काढता येत नाही.

बाल्कनीतील पाहुणे

बंगळुरूतील सदनिकांमध्ये सर्वाधिक विचारणा होते ती लोंबत्या घरट्यांबद्दल. विजेच्या तारेला, कपडे वाळविण्याच्या दोरीला किंवा वेलीच्या टोकाला कचऱ्याचा झुबका अडकल्यासारखे काही दिसते आणि झाडूच्या फटक्याने ते काढले जाते. प्रत्यक्षात ते जांभळ्या पाठीच्या शिंजिराचे घरटे असते. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी गवत व तंतू बांधून मादी ही पिशवी एकटीच तयार करते. बाहेरून सालीचे कपटे, दगडफूल आणि सुरवंटांची विष्ठा चिकटवलेली असते, त्यामुळे ते अडगळीसारखे दिसते. त्याची खात्रीची खूण म्हणजे बाजूला असलेले तोंड आणि त्यावर पुढे आलेली लहानशी पडवी. आत साधारणतः दोन फिकट अंडी असून त्यांवर तपकिरी ठिपके असतात.

याच्याशी गल्लत होते ती फुलटोच्याच्या घरट्याची. तेही लोंबते आणि त्याचेही तोंड बाजूला असते, परंतु त्याला पडवी नसते. शिवाय त्याचा पोत विस्कटलेला नसून नमद्यासारखा गुळगुळीत असतो. फुलटोच्याची अंडी शुभ्र व ठिपकेरहित असतात. पण ती पाहण्यासाठी घरट्यात बोट घालावे लागते आणि तसे करण्याचे काहीच कारण नाही. पडवी पाहिली की प्रश्न सुटतो.

शिवलेल्या पानांचे घरटे दिसले की ते शिंप्याचे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कन्नडमध्येही या पक्ष्याला सिंपिग, म्हणजे शिंपीच, असे नाव आहे. पानाच्या कडेला चोचीने भोके पाडून त्यांतून कापूस, कोषाचे रेशीम किंवा वनस्पतींचे तंतू ओवून हा पक्षी पानाचा द्रोण करतो. मात्र उद्यानांतील झुडपांत राखी वटवट्याही पाने शिवून घरटे करतो. त्याचे घरटे बहुधा जमिनीलगत असते, तर शिंप्याचे थोडे वर. अंडे दिसलेच, तर येथे ते निर्णायक ठरते. शिंप्याची अंडी फिकट पांढुरकी, निळसर किंवा गुलाबी झाक असलेली आणि ठिपकेदार, तर राखी वटवट्याची विटेसारखी तांबडी आणि चकचकीत. भारतातील लहान पक्ष्यांत इतके ठळक अंडे क्वचितच आढळते.

बुलबुलांच्या बाबतीत परिस्थिती उलट आहे. नारद बुलबुल आणि लालबुड्या बुलबुल हे दोन्ही शहरात विपुल आहेत, दोन्ही वाटीसारखे घरटे माणसाच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर करतात आणि दोघांचीही दोन-तीन अंडी गुलाबीसर असून रुंद टोकाकडे तांबूस-जांभळ्या ठिपक्यांची दाटी असते. अंड्यांवरून हे दोन पक्षी वेगळे करता येत नाहीत. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याचा तुरा आणि गाल पाहणे हाच उपाय.

होल्याचे घरटे ओळखणे सर्वांत सोपे. चार काटक्या आडव्यातिडव्या टाकलेल्या, इतक्या विरळ की खालून पाहिल्यास दोन शुभ्र अंडी दिसावीत. हे घरटे अर्धवट राहिलेले आहे असे समजून ते काढून टाकले जाते, हा त्या साधेपणाचा दुष्परिणाम.

येथे आणखी एका गैरसमजाची नोंद आवश्यक आहे. कुंडीत दोन अंडी दिसतात, पक्षी जवळपास नसतो, अंडी थंड लागतात आणि ‘पक्ष्याने घरटे सोडले’ असा निष्कर्ष काढला जातो. अनेक लहान पक्षी दिवसाला एक याप्रमाणे अंडी घालतात आणि ती पूर्ण झाल्यावर किंवा शेवटच्या अंड्याच्या सुमारास उबवू लागतात. तोपर्यंत अंडी थंड राहिली तरी त्यांतील जीव सुरक्षित असतो. टाकून दिलेले म्हणून फेकली जाणारी कित्येक अंडी अशी चालू घरट्यातील असतात.

परक्या अंड्याचा प्रश्न

कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही, हे सर्वविदित आहे. कावळ्याचे घरटे म्हणजे बेचक्यातील काटक्यांची रास. शहरात त्यात लोखंडी तारांचे तुकडेही विणलेले आढळतात. कावळ्याची अंडी निळसर हिरवी असून त्यांवर तपकिरी शिंतोडे असतात. कोकिळेचे अंडे रंगाने त्याच्या जवळपास जाणारे, पण आकाराने लहान असते. ते कावळ्याच्या अंड्याच्या आधी उबते, आणि एवढ्याशा आघाडीमुळे कोकिळेच्या पिल्लाला चारा मिळविण्यात फायदा होतो. हे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांना नेहमीच ढकलून देते असे नाही. दोन्हींची पिल्ले एकाच घरट्यात वाढल्याचेही आढळते.

पावशा आणि चातक यांनी साधलेली नक्कल याहून पुढची आहे. सातभाईंची अंडी चकचकीत निळी असतात. त्यांच्या घरट्यात घातली जाणारी पावशाची आणि चातकाची अंडीही तशीच निळी. नुसत्या पाहण्याने या तीन अंड्यांत भेद करणे जवळजवळ अशक्य आहे. सातभाईंच्या थव्याला जो प्रश्न सुटत नाही, तो निरीक्षकालाही पिल्लू मोठे होईपर्यंत सुटत नाही.

माळरान आणि तलाव

शहराच्या वायव्येस असलेले हेसरघट्ट्याचे गवताळ माळरान हा जमिनीवर वीण करणाऱ्या पक्ष्यांचा आसरा आहे. अनेक वर्षांच्या मागणीनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाटक राज्य वन्यजीव मंडळाने या परिसरातील सुमारे ५,६७८ एकर क्षेत्राला संवर्धन राखीव म्हणून मंजुरी दिली. ‘ओसाड जमीन’ या शब्दाखाली येणाऱ्या अशा माळरानांत घरटी शोधूनही सापडत नाहीत, कारण ती न दिसणे हाच त्यांचा बचाव आहे.

टिटवीचे घरटे म्हणजे खड्यांनी वेढलेला उथळ खळगा. त्यात बहुधा चार अंडी, मातकट रंगाची व काळ्या डागांची, निमुळती टोके आत वळवून ठेवलेली असतात. अशी रचना केल्याने चारही अंडी पक्ष्याच्या अंगाखाली नीट मावतात. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस चांगला, सखल जागी घातली तर कमी, अशी समजूत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आहे. हल्ली टिटवी इमारतींच्या सपाट गच्चीवरही अंडी घालते, तेव्हा या ठोकताळ्याचे काय करावे हा प्रश्नच आहे. माळटिटवीची अंडीही अशीच असल्याने डोळ्यांपुढील लोंब पिवळी की तांबडी, हे पाहिल्यावाचून खात्री होत नाही. रातवा तर घरटे करतच नाही. त्याची दोन गुलाबीसर, संगमरवरासारखी चितारलेली अंडी उघड्या जमिनीवर असतात. माळरानावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की निरीक्षकाने पुढचे पाऊल टाकण्याऐवजी आल्या वाटेने मागे फिरावे, कारण पुढचे पाऊल अंड्यांवर पडण्याची शक्यता असते.

तलावांतील पाणवनस्पतींत टिबुकलीचे तरंगते घरटे आढळते. तिची अंडी घातली जातात तेव्हा पांढरी असतात, परंतु ओल्या कुजत्या वनस्पतींच्या संपर्काने काही दिवसांत तपकिरी होतात. घरटे सोडताना टिबुकली त्यांवर पाणवनस्पती ओढून घेते. त्यामुळे एकाच घरट्याचे वर्णन दोन निरीक्षक दोन प्रकारे करू शकतात आणि दोघेही बरोबर असतात. कमळपक्ष्यांत लांब शेपटीच्या जातीची अंडी एकरंगी, काशासारखी चकाकणारी, तर कांस्यपंखी जातीच्या अंड्यांवर कोणीतरी लेखणीने रेघोट्या ओढल्यासारखे काळे गिरगट असते. दोन्हींत अंडी नर उबवितो.

पाण्यावर झुकलेल्या बाभळीला किंवा ताडाला लोंबणाऱ्या सुगरणीच्या खोप्यांना परिचयाची गरज नाही. बहिणाबाई चौधरींच्या कवितेने ते घराघरांत पोहोचविले आहेत. कन्नडमध्ये या पक्ष्याला गीजग म्हणतात. मराठीत नाव स्त्रीलिंगी असले तरी खोपा विणणारा नर असतो. अर्धा खोपा, शिरस्त्राणाच्या आकाराचा, तयार झाला की माद्या तो पाहावयास येतात आणि पसंत पडला तरच नर पुढची नळी विणतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीम येथे या पक्ष्याचा अभ्यास करून एक नर क्रमाने अनेक माद्यांशी जोडी कसा जमवितो, हे दाखवून दिले. झाडावर दिसणाऱ्या खोप्यांची संख्या आणि प्रत्यक्षात अंडी असलेल्या खोप्यांची संख्या यांत मोठे अंतर का असते, ते यावरून कळते.

पक्षी निरीक्षकाला पाहत असतो

घरट्याचे निरीक्षण किती अंतरावरून करावे याचे एक उत्तर पुण्यात मिळाले आहे. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेडा राघूवर केलेले प्रयोग २००२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बिळाजवळ माणूस उभा असताना हे पक्षी बिळात शिरण्याचे टाळतात, हे अपेक्षितच होते. परंतु माणूस तेवढ्याच अंतरावर, पण जेथून त्याला बिळाचे तोंड दिसू शकत नाही अशा ठिकाणी उभा राहिला, तर पक्षी तुलनेने सहजपणे आत जातात, असे या अभ्यासात आढळले. समोरच्याला काय दिसते याचा अंदाज हा पक्षी घेतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. निरीक्षकाच्या दृष्टीने त्यातील व्यावहारिक बाब अशी की, चारा घेतलेला पक्षी तारेवर ताटकळत असेल, तर निरीक्षक चुकीच्या जागी उभा आहे.

माणसाचा हात लागल्यावर पक्षी पिल्लांना टाकून देतात, ही समजूत बहुतांशी खरी नाही. घरट्यातून पडलेले उघडे पिल्लू जागेवर ठेवता येत असेल, तर ठेवावे. पिसे फुटलेले आणि उड्या मारणारे पिल्लू मात्र पडलेले नसून घरट्याबाहेर आलेले असते. त्याचे पालक जवळच असतात आणि ते घरी नेणे हीच त्याची खरी हानी होय. वारंवार घरट्याजवळ जाण्यातील धोका वेगळा आहे. कावळे, टकाचोर आणि भारद्वाज हे अंडी-पिल्लांचे शिकारी असून माणूस कोठे वाकून पाहतो, याकडे कावळ्याचे लक्ष असते. फांद्या बाजूला सारून काढलेल्या छायाचित्रामुळे घरट्याचा आडोसा जातो. म्हणूनच अनेक निसर्गछायाचित्र स्पर्धांमध्ये घरट्याची छायाचित्रे स्वीकारली जात नाहीत.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या संज्ञेची व्याख्या मोठी व्यापक आहे. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे, तसेच त्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे हेही त्या व्याख्येत येते. अधिनियमाच्या सर्वसाधारण उल्लंघनासाठी, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. झाडे तोडण्यासाठी कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, पण परवानगी असली म्हणून झाडावरील घरट्यांचा प्रश्न मिटत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेले झाड पाडले गेले आणि अनेक पिल्ले मेली. त्याची ध्वनिचित्रफीत देशभर पसरली व वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यात आला. ते झाड काही आठवड्यांनी पाडले असते, तर पिल्ले उडून गेली असती.

याउलट उदाहरण बंगळुरूपासून मंड्याच्या दिशेने गेल्यावर मद्दूर तालुक्यातील कोक्करे बेळ्ळूर या गावी आहे. तेथे घरांलगतच्या चिंचेच्या व अन्य झाडांवर चित्रबलाक आणि झोळीवाले पक्षी वीण करतात. विष्ठेमुळे चिंचेचे उत्पन्न बुडते, त्याबद्दल वन विभागाकडून झाडांच्या मालकांना मोबदला देण्याची व्यवस्था करण्यात आली. गावकऱ्यांना घरटी ओळखावी लागत नाहीत, ती त्यांच्या अंगणातच असतात.

शहरातील निवासी संस्थेला किंवा छाटणीच्या कंत्राटदाराला मात्र दिवसांचा हिशेब लागतो. पहिल्या अंड्यापासून पिल्ले उडेपर्यंत बुलबुल, शिंपी आणि होला यांना साधारण चार आठवडे लागतात, शिंजिराला पाच, तर कावळ्याला सहा ते सात. टिटवीची अंडी उबण्यास सुमारे चार आठवडे लागतात, पण तिची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात चालू लागून ती जागा सोडतात. घारीचे घरटे सर्वांत दीर्घकाळ चालते. महिनाभर उबवणी आणि त्यानंतर पिल्लांचे दीड ते दोन महिने, म्हणजे एकूण जवळजवळ तीन महिने. या काळात गच्चीवर जाणाऱ्यांवर ती झडप घालते, हे खरे असले तरी छत्री घेऊन जाणे किंवा गच्चीचा तो कोपरा टाळणे एवढ्याने सहसा निभावते. जानेवारीअखेर घारीने घरटे बांधलेले झाड एप्रिलअखेरीस किंवा मेमध्ये रिकामे होते, आणि पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीला तेव्हाही अवधी उरलेला असतो.